तोल आणि उतारा : मेरुरज्जूच्या आघातानंतर शरीरघटकांचे मापन

कारंजा लाड या गावाचे नाव महाराष्ट्रात बहुधा नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानामुळे घेतले जाते. शेतमालाच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारे मात्र ते वेगळ्याच कारणासाठी घेतात. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ साली येथील कापसाच्या बाजाराचे नियमन करण्यात आले, आणि हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंज्याची नोंद झाली. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी दरात हवा होता, हा त्यामागील हेतू लपलेला नाही. हेतू काहीही असो, कापसाच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : तोल म्हणजे माल नव्हे. गाडीचे वजन कितीही काटेकोर झाले तरी त्यातून बारदान वजा करावे लागते, कापसाचा ओलावा पाहावा लागतो, आणि शेवटी रुईचा उतारा किती पडतो हे पाहिल्यावाचून त्या वजनाला अर्थ येत नाही. क्विंटलभर कापसातून स्थूलमानाने एक तृतीयांश रुई निघते, उरते ती सरकी. पण हे स्थूलमान कापसाच्या वाणागणिक बदलते. गावराणी कापसाच्या उताऱ्यावरून अमेरिकन वाणाचा भाव ठरवणारा मापाडी बाजारात टिकणार नाही.

मानवी देहाच्या बाबतीत वैद्यकाने नेमके हेच दीर्घकाळ केले आहे, आणि ज्यांच्या मेरुरज्जूला इजा झाली आहे त्यांच्या बाबतीत त्याचे परिणाम सर्वांत गंभीर ठरले आहेत. झाडावरून वा छपरावरून पडून, विहिरीत कोसळून किंवा रस्त्यावरील अपघातात ज्यांचा मेरुरज्जू दुखावतो, त्यांच्या जिवाला पूर्वी पहिल्या काही वर्षांतच मूत्रमार्गाच्या विकारांनी व शय्याव्रणांनी धोका होत असे. शुश्रूषा सुधारली तसे आयुर्मान वाढले, आणि मधुमेह व हृदयविकार या दीर्घ आयुष्याच्या व्याधी त्यांच्या वाट्याला आल्या. या व्याधींची पूर्वसूचना देणारे एक लक्षण म्हणजे शरीरातील मेदाचे आधिक्य. ते मोजावयाचे कसे, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा दिसतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना बेल्जियमचा गणिती केटले याने १८३० नंतरच्या दशकात मांडली. ती लोकसमूहांच्या वर्णनासाठी होती. व्यक्तीच्या निदानाशी केटलेला कर्तव्य नव्हते. तिला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली अँसेल कीज याने दिले, आणि तोही निरोगी पुरुषांच्या समूहांविषयीच बोलत होता. मराठीत तिला 'शरीर वस्तुमान निर्देशांक' म्हणतात. यातील 'निर्देश' हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाइतकाच प्रामाणिक आहे. निर्देश म्हणजे बोट दाखवणे. ज्याकडे बोट दाखवले ती वस्तू तेथे आहे की नाही, हे बोटावरून सिद्ध होत नाही.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा व्यवहार परिचित वाटेल, कारण तो शुद्ध लक्षणेचा व्यवहार आहे. 'गंगेवर गवळीवाडा' या जुन्या उदाहरणात प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून गंगा या शब्दाचा अर्थ तीर असा घेतला जातो. त्यासाठी शास्त्रकारांनी तीन अटी घातल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा योग, आणि रूढी किंवा प्रयोजन. निर्देशांकात मुख्यार्थ वजन आहे, लक्ष्यार्थ मेद. प्रयोजन उघड आहे : काटा आणि फीत यांवर काम भागते. योगही सामान्यतः खरा असतो, कारण चालत्याफिरत्या प्रौढ माणसाचे वजन उंचीच्या मानाने वाढते तेव्हा वाढलेल्या भागात बहुतांश मेदच असतो. मेरुरज्जू तुटलेल्या माणसात मात्र नेमका हा योगच तुटतो. पायांचे स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने झिजू लागतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीचे वरचे टोक यांतील खनिजांश पुढच्या दोनतीन वर्षांत मोठ्या प्रमाणात जातो. शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि खाणे मात्र बहुधा पूर्वीचेच राहते. स्नायू गेला, मेद आला, आणि काटा जागचा हलला नाही. तीरच वाहून गेले आहे. 'गंगेवर' हा शब्द केवळ रूढीने चालू आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा जुळ्या भावांच्या अभ्यासातून आला. अ‍ॅन स्पंगेन व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २००० साली एकबीज जुळ्या पुरुषांच्या आठ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीतील एका भावाच्या मेरुरज्जूला इजा झालेली होती, दुसरा धडधाकट होता. आनुवंशिक घडण एकच असताना इजा झालेल्या भावात मेदेतर भाग कमी व मेद अधिक आढळला. याच गटाने २००३ साली १३३ आघातग्रस्त पुरुषांची तुलना १०० निरोगी पुरुषांशी केली, आणि समान निर्देशांकाला आघातग्रस्तांच्या शरीरातील मेदाचे शेकडा प्रमाण सुमारे १३ने अधिक भरते असे दाखवले. थोडक्यात, ज्या आकड्याला निरोगी माणसाच्या बाबतीत डॉक्टर 'ठीक' म्हणतात, त्याच आकड्याआड चाकाच्या खुर्चीतील माणूस मेदाधिक्याने ग्रस्त असू शकतो.

या अडचणीवर जो तोडगा निघाला तो अधिक बारकाईने तपासण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मोजणीत स्थूलतेची सीमा ३० आहे. २००९ साली कॅनडातील लॉटन व सहकाऱ्यांनी ७७ आघातग्रस्तांच्या मोजमापांवरून ही सीमा २२ पर्यंत खाली आणावी असे सुचवले. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने ती स्वीकारली, आणि अधिक सूक्ष्म मापन शक्य असेल तेथे पुरुषांत २२ टक्क्यांहून व स्त्रियांत ३५ टक्क्यांहून अधिक मेद हे स्थूलतेचे लक्षण मानले. येथे एक २२ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर आहे आणि दुसरा २२ शेकडेवारी. दोन निराळ्या परिमाणांना एकच अंक मिळाल्याने विद्यार्थ्यांची गफलत होणे अटळ आहे. पण खरा आक्षेप हा नव्हे. ज्या मेदप्रमाणाशी ताडून २२ ही सीमा निघाली, ते मेदप्रमाण विद्युत्-अवरोधाच्या यंत्राने काढलेले होते. आणि त्या यंत्राची आघातग्रस्तांतील विश्वासार्हता हीच वादाची बाब आहे. एका शंकास्पद मापाची दुरुस्ती दुसऱ्या शंकास्पद मापाने झाली. सीमा योग्य दिशेने हलली, हे निर्विवाद. ती योग्य जागी येऊन थांबली की नाही, हे निराळे.

मराठी मुलखापुरते पाहिले तर ही शंका अधिकच बळावते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ही केवळ एका जोडीची गंमत नव्हती. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या मातृपोषण-अभ्यासातून असे दिसले की तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो, आणि तरीही पुण्याच्या अर्भकांत कमी पडला तो मुख्यतः स्नायू, त्वचेखालचा मेद जवळजवळ शाबूत होता. वरून कृश, आतून मेदयुक्त ही घडण जन्मापासूनची आहे. आता हिशेब मांडून पाहावा. ज्याचा मेरुरज्जू पूर्णतः अखंड आहे असा पुण्याचा संशोधक २२.३ या निर्देशांकालाच अमेरिकन मार्गदर्शिकेतील आघातग्रस्तांच्या २२ टक्के या सीमेच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याच घडणीच्या वऱ्हाडी शेतमजुराचे पाय अपघाताने निकामी झाले, तर त्याला कॅनडात ठरलेली सीमा लावणे म्हणजे गावराणी कापसाला परक्या वाणाचा उतारा लावणे होय. ती आणखी किती खाली आणावी हे तर्काने सांगता येणार नाही. ते मोजावेच लागेल.

मोजावयाचे कशाने? येथे साधनांची गर्दी आहे, पण प्रत्येक साधनाच्या पोटात एकेक गृहीत दडलेले आहे. १९६१ सालचे सिरीचे समीकरण मेदाची घनता ०.९ आणि बाकी सर्व शरीराची १.१ मानते. ही १.१ निरोगी शरीराच्या घडणीवरून आणि मोजक्या शवांच्या विच्छेदनावरून आलेली आहे. ज्याच्या हाडांतील खनिज आणि पायांतील स्नायू दोन्ही गेले, त्याच्या मेदेतर भागाची घनता १.१ राहत नाही. ती घटते, आणि समीकरण ती घट मेदाच्या खात्यावर जमा करते. शिवाय पाण्याखाली बुडून फुप्फुसांतील हवा पूर्ण सोडणे हे मानेखाली लुळ्या झालेल्या माणसाकडून होणे नाही.

कातडीची घडी चिमट्याने मोजण्याची पद्धत नेमकी उलट चूक करते. १९७४ साली ग्लासगोत सिद्ध झालेली डर्निन व वोमर्सली यांची समीकरणे चार ठिकाणच्या घड्या मागतात : दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, खवाट्याखाली आणि कमरेच्या हाडावर. चारही ठिकाणे मांडीच्या वर आहेत; पायांना या पद्धतीत एक प्रश्नही विचारला जात नाही. खुर्ची हाताने लोटून ज्याचे दंड पिळदार झाले आहेत तो अधरांगाने लुळा माणूस या हिशेबात सडपातळ ठरतो. एक साधन मेद वाढवून दाखवते, दुसरे घटवून. दोहोंची सरासरी काढली की सत्य सापडेल असे मानणारा विद्यार्थी प्रत्येक विभागात एखादा तरी असतोच. दोन भ्रष्ट पोथ्यांच्या मधोमध शुद्ध पाठ नसतो. कारंज्याच्या जैन भांडारांतील अपभ्रंश पोथ्यांचे संपादन गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात हिरालाल जैन यांनी हाती घेतले, ते पोथ्या ताडून पाहण्याच्या शिस्तीने, पाठांची सरासरी काढून नव्हे.

विद्युत्-अवरोधाचे यंत्र शरीरातील पाणी मोजते आणि त्यावरून मेदेतर भाग अनुमानते. त्यासाठी त्या भागात पाणी सुमारे ७३ टक्के असते असे धरले जाते. कापसाच्या बाजारात ओलाव्याचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. सरकारी खरेदीत तो ८ टक्के धरतात, १२ टक्क्यांच्या पुढे माल नाकारला जातो. कारण ओल्या कापसाचा तोल खोटा असतो. लुळे पाय दिवसभर खाली लोंबत राहिले की त्यांत पाणी साचते, पावले सुजतात. यंत्राला ती सूज स्नायूसारखी दिसते. त्यात बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांवर अनवाणी उभे राहावे लागते, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

दोन शक्तींच्या क्षकिरणांनी केलेले मापन, ज्याला रुग्णालयांत 'डेक्सा' म्हणतात, ते या सर्वांत प्रतिष्ठित आहे आणि त्याची प्रतिष्ठा बरीचशी रास्तही आहे. माणूस निजलेला असतो, किरणांची मात्रा अल्प असते, आणि हात, पाय, धड यांचे हिशेब वेगळे मिळतात. हा शेवटचा गुण मोलाचा होय. अधरांगाचा आघात एकाच देहात दोन देह करतो. पुण्याजवळ खडकी येथील पक्षाघात पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून जखमी सैनिकांचे पुनर्वसन चालते व त्यांतील अनेक जण खुर्चीवरून खेळ खेळतात. अशा माणसांचे खांदे आणि पोटऱ्या एकाच सरासरीत कोंबणे निरर्थक आहे. परंतु कण्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, आकडलेले सांधे, मध्येच येणारे झटके हे सारे चित्र बिघडवतात. सुजेचे पाणी येथेही मेदेतर रकान्यातच पडते. मेद, पाणी, खनिज व प्रथिन हे चार घटक स्वतंत्रपणे मोजून ताडणारी पद्धतच निर्णायक मानावी लागते. ती खर्चाची आहे आणि मोठ्या संशोधनसंस्थेबाहेर अशक्य आहे.

आता भाषेकडे वळावयास हवे, कारण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये यंत्राच्या आधी शब्द उभे असतात. मराठीत 'तब्येत' म्हणजे प्रकृती, आणि तब्येत म्हणजेच अंगाचा भरीवपणा. अपघातानंतर खंगलेल्या मुलाचे वजन वाढू लागले की घरची माणसे 'आता अंग धरले' म्हणतात. धरले ते मांस की चरबी, याचा भेद या वाक्प्रचारात नाही. खाटकाच्या दुकानात तो आहे, तालमीत आहे. 'कमावलेले शरीर' आणि 'सुटलेले अंग' यांत तो स्पष्ट आहे. आजारपणाच्या भाषेत मात्र तो लोपतो, आणि ज्या काळात मेदाचा संचय सुरू होतो तोच काळ सुधारणेचा म्हणून साजरा होतो. याउलट 'पोट सुटले' हा प्रयोग अनपेक्षितपणे शास्त्रशुद्ध आहे : पोटाच्या लुळ्या स्नायूंमुळे पोट खरोखरच सुटते, आणि त्यात मेद किती व सैलपणा किती हे फितीने पूर्णतः उलगडत नाही.

पारिभाषिक शब्दांची स्थिती याहून समाधानकारक नाही. 'बॉडी काँपोझिशन'साठी 'शरीररचना' वापरण्याचा मोह होतो. तो शब्द शवविच्छेदनाच्या शास्त्राने आधीच घेतला आहे. 'शरीरसंघटन' ऐकून व्यायामशाळेच्या पावतीपुस्तकाची आठवण येते. 'शरीरघटक-प्रमाण' हा शब्द रुक्ष असला तरी काय मोजावयाचे ते सांगतो. 'ओबेसिटी'चा 'लठ्ठपणा' हा अनुवाद तर या संदर्भात घातकच म्हटला पाहिजे. लठ्ठ हे डोळ्यांना दिसते. ज्याचे पाय काड्या झाले आहेत त्याला कोणी लठ्ठ म्हणणार नाही, आणि तोही स्वतःला म्हणणार नाही. तेथे 'मेदाधिक्य' हाच शब्द हवा. 'मज्जारज्जू' या रूढ शब्दातही एक खोच आहे. आयुर्वेदात मज्जा म्हणजे हाडातील मगज, आधुनिक मराठीत मज्जा म्हणजे चेतातंतूंची यंत्रणा. शरीराच्या घटकांचाच विचार चाललेला असताना एकच शब्द दोन घटकांना लावणे टाळावे, म्हणून येथे मेरुरज्जू हा शब्द योजला आहे.

आयुर्वेदाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवावी लागते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील द्रवद्रव्यांची परिमाणे दिली आहेत : उदक दहा अंजली, रस नऊ, रक्त आठ, आणि असे उतरत मेद दोन व मज्जा एक. हे आकडे वाचून प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा डांगोरा पिटणे हास्यास्पद होईल. ती संख्यांची उतरती माळ प्रत्यक्ष मापनातून आलेली दिसत नाही, आणि ग्रंथकारही ही परिमाणे घटतात-वाढतात व ती तर्कानेच जाणावयाची, असे सांगून मोकळा होतो. पण त्यात एक विचार आहे आणि तो शिळा झालेला नाही. अंजली कोणाची? ज्याचे शरीर त्याची स्वतःची. मापाचे एकक मोजल्या जाणाऱ्या देहातूनच घेतलेले आहे. निरोगी परक्या देहावरून काढलेले समीकरण जेथे लागू पडत नाही, तेथे त्याच माणसाची कालची नोंद हे आजच्या नोंदीचे सर्वांत विश्वसनीय एकक असते. मात्र त्याला एक अट आहे : मापनाची रीत दर वेळी तीच असली पाहिजे.

ही अट कारंज्यासारख्या गावात पाळणे अशक्य नाही. वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. चार घटकांचे सूक्ष्म मापन जिल्ह्यात लवकर होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ असले, तरी खुर्चीसह माणूस चढेल असा सपाट काटा ही काही दुर्मीळ वस्तू नाही. भरलेली खुर्ची तोलावी, मग रिकामी तोलावी, बारदान वजा करावे. उंची विचारून लिहू नये. माणसाला सरळ निजवून टाळूपासून टाचेपर्यंत मोजावी, आणि सांधे आकडले असतील तर तुकड्यातुकड्याने मोजावी. ही किरकोळ बाब नव्हे. साठ किलोच्या माणसाची लांबी १६५ सेंटिमीटर असेल तर निर्देशांक २२.० येतो, अपघातापूर्वीच्या आठवणीने त्याने १७० सांगितली तर २०.८. वर्ग केल्यामुळे पाच सेंटिमीटरची चूक माणसाला सीमेच्या अलीकडे आणून ठेवते. कमरेचा घेर निजलेल्या स्थितीत, श्वास सोडल्यावर घ्यावा. २०१४ साली रॅव्हेन्सबर्गेन व सहकाऱ्यांनी आघातग्रस्तांत हृदयविकाराच्या धोक्याचा सर्वांत उपयुक्त निर्देशक म्हणून घेराचीच निवड केली व ९४ सेंटिमीटर ही सीमा दिली. तीही परक्या मुलखातली आहे हे स्मरणात ठेवून वापरावी. दंड आणि मांडी यांचे घेर वेगवेगळे नोंदावे. सूज असेल तर तसा शेरा लिहावा, आणि दर वेळी सकाळीच, पाय लोंबण्यापूर्वी मोजावे. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या स्थितीत व कोणत्या साधनाने घेतला हे लिहिले नाही, तर पुढील वर्षी त्याच माणसाची तुलना त्याच्याशी करता येणार नाही. विदर्भातील आघातग्रस्तांसाठी स्वतंत्र सीमा ठरवण्याचे काम पुढे केव्हा कोणी हाती घेतले, तर त्याला पहिली गरज अशाच नोंदवहीची पडेल.